मूल गेल्यानंतर घरात सुरू होणारा दोषारोप : नेमकं काय करता येतं?

सावली:
मूल गेलं की काही दिवसांतच घरात "असं कसं झालं?" हा प्रश्न फिरायला लागतो. फिरता फिरता त्याचं "कुणामुळे झालं?" कधी होतं ते कुणालाच कळत नाही. आई विचारते, "तू फोन का उचलला नाहीस?" वडील म्हणतात, "आदल्या दिवशीच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं." आजी काही बोलत नाही, पण सुनेच्या नजरेला नजरही देत नाही. आणि हे सगळे मनातून स्वतःलाच जास्त बोल लावत असतात.

माझं मत असं की हा विषय घरात निदान वर्षभर काढूच नये. एकदा तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही. पण असं गप्प राहणं जमतं का, आणि जमलं तरी ते बरं का, याची मला शंका आहे. इथे समुपदेशन, बालरोग, शाळा या क्षेत्रांतली मंडळी आहेत म्हणून विचारते. सांत्वनाची वाक्यं नकोत. काय करायचं, कधी, कुठल्या शब्दांत, ते सांगा. नवरा-बायको, घरातली बाकीची मुलं, आजी-आजोबा, सगळ्यांबद्दल.

आडवाट:
सावलीताई, वर्षभर न बोलण्याला माझा ठाम विरोध. विषय बंद केला की दोष बंद होत नाही, तो वागण्यात उतरतो. जेवायला वेगवेगळ्या वेळी बसणं, दाराशी पडलेले छोटे बूट कुणी उचलायचे यावरून खटका उडणं, एकाने दुसऱ्याचा कॉल लॉग गुपचूप बघणं. न बोललेल्या आरोपाला उत्तरही देता येत नाही, म्हणून तो जास्त पोखरतो.

दोष येतो कुठून, हे आधी समजून घ्यायला हवं. "माझ्या हातात काहीच नव्हतं" हे मान्य करणं माणसाला इतकं असह्य होतं की त्यापेक्षा "माझी चूक झाली" हे बरं वाटतं. चूक असेल तर निदान जगाला काही नियम आहेत, घरातल्या दुसऱ्या मुलाला तरी वाचवता येईल, असा तो हिशेब असतो. म्हणून "स्वतःला दोष देऊ नकोस" असं शंभरदा सांगून उपयोग होत नाही. त्याच्या हातातला तो एकच आधार आपण काढून घेतो आणि बदल्यात काही देत नाही.

दुसरं कारण म्हणजे पश्चातबुद्धी. शेवट माहीत झाला की आधीच्या सगळ्या खुणा ठळक दिसायला लागतात. बारूख फिशॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रयोगांतून हे दाखवलं: निकाल कळल्यावर लोकांना तो आधीच कळण्यासारखा होता असं वाटतं, आणि आपलं मत बदललंय याचा त्यांना पत्ताही नसतो.

केतकी:
आडवाट यांच्याशी सहमत. एक भर घालते. "आधी नकार, मग राग, मग घासाघीस, मग नैराश्य, मग स्वीकार" ही शिडी घरात कुणी कुणाला लावू नये. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या अवस्था मांडल्या त्या स्वतः मरणासन्न असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. "तू अजून रागातच अडकलास" हासुद्धा एक आरोपच आहे.

तापमापी:
बालरोगाच्या बाजूने लिहितो, कारण बरेचसे दोष वैद्यकीय माहितीच्या अभावावर उभे असतात.

औषधाची अर्धी उरलेली बाटली उजेडाकडे धरून आई रेघ बघत बसते. ६० मिलीची होती, ५ मिलीचे तीन डोस दिले की चार? हे महिनोन् महिने चालतं. अशा वेळी "सोड तो विषय" म्हणू नका. ती बाटली आणि टोपी जपून ठेवा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. पॅरासिटामॉल एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम प्रति किलो देतात. १२ किलोच्या मुलाला १२० ते १८० मिलिग्रॅम. डॉक्टर समोर बसून कागदावर हे गणित मांडू शकतात. त्या कागदाने जे होतं ते हजार वेळा "तुझी चूक नाही" म्हणून होत नाही.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांची वेगळी वेळ मागावी. पहिल्या आठवड्यात नको, कारण तेव्हा सांगितलेलं डोक्यात राहत नाही. साधारण ४ ते ८ आठवड्यांनी, सगळे अहवाल आल्यावर. आई-वडील दोघांनी एकत्रच जावं. एकटा कुणी गेला की दुसऱ्याला सांगताना वाक्यं बदलतात आणि तिथूनच नवं भांडण उभं राहतं. तिसरा कुणी शांत माणूस फक्त लिहून घ्यायला न्या. शवविच्छेदन झालं असेल तर अहवाल सोप्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. प्रश्न आधी लिहून न्या, अगदी बोचरेसुद्धा: "६ तास आधी आणलं असतं तर फरक पडला असता का?" "याची लक्षणं घरी ओळखू आली असती का?" "आमच्या दुसऱ्या मुलाला धोका आहे का?"

उत्तरं पुष्कळदा लोकांना वाटतं त्यापेक्षा वेगळी असतात. मेनिंगोकोकल संसर्गाचं (मेंदूच्या आवरणाला आणि रक्ताला होणारा जिवाणूंचा संसर्ग) बघा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की पहिले ४ ते ६ तास साध्या तापासारखीच लक्षणं असतात आणि २४ तासांत मूल मरणाच्या दारात असू शकतं. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी त्यातल्या निम्म्याच मुलांना रुग्णालयात पाठवलं होतं. जे डॉक्टरांना दिसलं नाही ते आईला दिसायला हवं होतं, असं कसं म्हणणार? पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी सुमारे निम्मे गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. जिना चढल्याने किंवा ओझं उचलल्याने नव्हे. लहान मुलांच्या कर्करोगात आनुवंशिक कारण सापडतं ते साधारण दहातल्या एकात किंवा त्याहूनही कमी वेळा. "तुमच्या घराण्यातून आलं" हे वाक्य बहुतेक वेळा सरळसरळ चुकीचं असतं.

निळाई:
तापमापी, फार उपयोगी. बाळाच्या झोपेतल्या आकस्मिक मृत्यूबद्दलही लिहाल का? तिथे तर आईवरच बोट असतं.

तापमापी:
हो. कित्येक दशकं अनेक देशांत डॉक्टर स्वतःच बाळाला पालथं झोपवायला सांगत होते. पुरावा जमल्यावर सल्ला उलटला. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळाला उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. त्याआधी ज्या आयांनी सांगितलं तसं केलं, त्यांनी त्या काळातलं सर्वांत चांगलं ज्ञानच वापरलं होतं. आज वृद्ध असलेल्या कित्येकजणी हे ओझं अजून वाहतायत. त्यांनाही हे कुणीतरी सांगायला हवं.

आडवाट:
यावरूनच घरी करायची एक गोष्ट सांगतो. एक वही घ्या, पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे "तेव्हा माहीत होतं", उजवीकडे "नंतर कळलं". मग वेळेनुसार लिहा. "रात्री ८. ताप १०१. औषध दिलं. अर्ध्या तासाने उठून खेळला." हे डावीकडे. "रक्तात संसर्ग पसरत होता." हे उजवीकडे.

गडबड कुठे होते? लोक डाव्या रकान्यात नंतरचा अर्थ घुसवतात. "रात्री १०. ग्लानीत गेला." थांबा. तेव्हा ग्लानी म्हणून कळलं होतं का? की "दमलाय, झोपला" असं वाटलं होतं? डावीकडे फक्त डोळ्यांनी दिसलेलं आणि तेव्हा लावलेला अर्थ. ग्लानी हा शब्द उजवीकडे जातो. आई-वडिलांनी आधी वेगवेगळं लिहावं, मग एकत्र वाचावं, शक्यतो समुपदेशकासमोर. एका बैठकीत ४० मिनिटांपेक्षा जास्त नको. आणि पहिल्या महिन्यात हा प्रकार करू नये, तेव्हा झोपेचाच पत्ता नसतो.

जुनी वही:
सगळं पटलं, पण तुम्ही सगळे एक अवघड बाजू टाळताय. खरंच चूक झालेली असेल तर? पाण्याकडचं फाटक उघडं राहिलं. गाडी मागे घेताना बघितलं नाही. तिथे दोन रकान्यांनी काय होणार?

आडवाट:
रास्त प्रश्न. तिथे "तुझी काहीच चूक नाही" म्हणणं सर्वांत वाईट. तो माणूस जाणतो की हे खोटं आहे, आणि आता या घरात खरं बोलायला कुणी नाही हेही जाणतो.

तिथे तीन गोष्टी वेगळ्या करायच्या: काय घडलं, मनात काय होतं, आणि परिणाम. फाटक उघडं राहिलं, हे खरं. अपाय करायचा मनात नव्हतं, हेही खरं. तेच फाटक शंभर घरांत शंभरदा उघडं राहतं आणि काही होत नाही, हे तिसरं. परिणाम भयंकर म्हणून चूक आपोआप भयंकर ठरत नाही. बुडणारं मूल हाका मारत नाही, हातपाय आपटत नाही. पाण्यावर टिकून राहण्याची त्याची धडपड २० ते ६० सेकंदांची, आणि तीही जवळजवळ निःशब्द. "मी आतच होते, मला ऐकू कसं आलं नाही" म्हणणाऱ्या आईला हे सांगायला हवं, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच.

ज्याच्या हातून झालं त्याला माफी मागावीशी वाटते. मागू द्या, पण एकदाच आणि पूर्ण: "फाटक मी उघडं ठेवलं. माझ्याकडून ते झालं. तुझं बाळ गेलं, आपलं बाळ गेलं." पुढे "पण" नाही, खुलासा नाही, आणि "मला माफ केलंस ना?" असं लगेच विचारणं नाही. समोरच्यालाही तिथल्या तिथे माफ करावं लागू नये. "मी ऐकलं. आत्ता मला काही म्हणता येत नाही" एवढं उत्तर पुरेसं आहे.

केतकी:
अशा माणसाच्या जिवाकडे लक्ष ठेवा, हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. डेन्मार्कमधल्या मोठ्या नोंदींवर आधारलेल्या २००३ च्या अभ्यासात मूल गमावलेल्या आयांमध्ये पहिल्या ३ वर्षांत आत्महत्या, अपघात अशा कारणांनी मृत्यूचं प्रमाण वाढलेलं आढळलं. आडून विचारू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असंच विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटं सोडायचं नाही, औषधांचा साठा आणि घातक वस्तू घरातून हलवायच्या, आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात न्यायचं. उद्यावर नाही.

निळाई:
नवरा-बायकोबद्दल कुणी लिहिलं नाही, मी लिहिते.

सर्वांत जास्त भांडणं "कोण जास्त दुःखात" यावरून होतात. एकाला रडून, बोलून हलकं वाटतं. दुसरा कामात बुडतो, कागदपत्रं लावतो, मुलाच्या सायकलची साखळी साफ करून तेल देत बसतो. पहिल्याला वाटतं, याला काहीच वाटत नाही. दुसऱ्याला वाटतं, ही मला सावरू देत नाही. दोन्ही शोकच आहेत. पुरुष असा आणि बाई तशी असंही नसतं, पुष्कळ घरांत उलट असतं.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना इथे कामाची आहे. शोकातला माणूस दोन टोकांत झुलत असतो: कधी गेलेल्याच्या आठवणीत, कधी पुढच्या व्यवहारात. निरोगी शोकात दोन्ही लागतं. अडचण अशी की दोघांचे झोके एका वेळी एका बाजूला नसतात. ती आज पहिल्यांदा हसली आणि तो नेमका आजच कोसळलाय.

म्हणून काही व्यवहार ठरवून घ्यावेत. रोज २० मिनिटं, ठरलेल्या वेळी, फक्त मुलाबद्दल. १० मिनिटं एकाने बोलायचं, दुसऱ्याने दुरुस्ती न करता ऐकायचं, मग उलट. रात्री झोपायच्या आधी, गाडी चालवताना आणि मुलांसमोर "का केलंस" हा विषय नाही. "आज नको" म्हणायची मुभा दोघांनाही, पण त्यासोबत "उद्या सकाळी" हेही सांगायचं. शरीरसंबंधांचंही स्पष्ट बोला. एकाला त्यातून जवळीक मिळते, दुसऱ्याला त्या क्षणी आनंद होणं म्हणजे मुलाशी द्रोह वाटतो. न बोलता दोघं पाठ करून झोपतात आणि दोघांनाही वाटतं की आपल्याला नाकारलं.

आणि "तू" ऐवजी "मला" ने सुरुवात. "तू फोन उचलला नाहीस" यावर फक्त बचाव येतो. "त्या वीस मिनिटांत मी एकटी होते, ते मला अजून दिसतं" यावर माणूस जवळ येऊन बसू शकतो.

पांथस्थ:
मूल गेलं की दहापैकी आठ-नऊ लग्नं मोडतात असं सर्रास सांगितलं जातं. याला आधार नाही. १९७० च्या दशकापासून हा आकडा तोंडोतोंडी फिरतोय. 'द कम्पॅशनेट फ्रेंड्स' ही मूल गमावलेल्या पालकांची संस्था १९६९ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत सुरू झाली. तिच्या अमेरिकेतल्या शाखेच्या २००६ च्या पाहणीत हे प्रमाण १६ टक्के निघालं. कृपया कुठल्याही दुःखी जोडप्याला "आता सांभाळा हं, अशी लग्नं टिकत नाहीत" असं सांगू नका.

सावली:
पांथस्थ, हा आकडा मीही आजवर खराच समजत होते. धन्यवाद.

दप्तर:
भावंडांबद्दल, शाळेच्या अनुभवी नजरेतून. "झोपला", "लांब गेला", "देवाला आवडला" हे शब्द लहान मुलांना सांगू नयेत. मूल झोपायला घाबरतं, किंवा दाराशी वाट बघत बसतं, किंवा आपण देवाला आवडू नये म्हणून मुद्दाम वाईट वागतं. "दादा मेला. त्याचं शरीर बंद पडलं. त्याला आता दुखत नाही, भूक लागत नाही, आणि तो परत येणार नाही." ऐकायला कठोर, पण मुलाला कळतं. मरण कायमचं असतं हे साधारण ५ ते ७ व्या वर्षी पक्कं समजायला लागतं. त्याआधी ते तोच प्रश्न चाळीस वेळा विचारेल, चाळीस वेळा तेच उत्तर द्यायचं.

लहान मुलं स्वतःला दोष देतात, ते मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. "मी म्हणाले होते तू मर, म्हणून तो मेला." विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा: "तू जे बोललीस, जे मनात आणलंस, त्याने दादा मेला नाही. मनातल्या विचाराने कुणी मरत नाही." शाळेत परत जायच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षिकेशी बोला. वर्गाला काय सांगायचं, रडू आलं तर कुठे जाऊन बसायचं, आणि "तुला भावंडं किती?" याला काय उत्तर द्यायचं, हे मुलासोबत ठरवा. "एक भाऊ होता, तो वारला" किंवा "मला आत्ता त्याबद्दल बोलायचं नाही", दोन्ही चालतात.

पुन्हा मूल होऊ देण्याचा सल्ला नातेवाईक लवकर देतात. गेलेल्याची जागा भरायला आणलेलं मूल आयुष्यभर दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालून वावरतं. निदान त्याचं नाव तरी वेगळं ठेवा.

माजघर:
विषय थोडा सोडून, पण गरजेचं. फोन. गेलेल्या मुलाच्या लसीचा निरोप येतो, शाळेच्या फीची आठवण येते, फोन आपणहून "मागच्या वर्षी याच दिवशी" म्हणून फोटो पुढे करतो. हे काम पालकांना सोडून दुसऱ्या एका माणसाने अंगावर घ्यावं: शाळा, दवाखाना, शिकवणी, सगळ्यांना कळवून यादीतून नाव काढायचं, फोटोंची आठवण बंद करायची. फोटो पुसायचे नाहीत. मुलाच्या आवाजातले निरोप दोन ठिकाणी साठवा, जुना फोन किंवा नंबर बंद करण्याच्या आधी.

खोली आणि कपडे यांना मुदत नाही. पालक बाहेर गेलेले असताना "तिला त्रास नको" म्हणून आवरून टाकण्याचा मोह नातेवाईकांना होतो. तो अक्षम्य प्रकार आहे. उशीचा वाससुद्धा कुणीतरी धुऊन टाकलेला असतो.

जुनी वही:
आजी-आजोबांचं कुणी बघितलं का? त्यांचं दुःख दुहेरी. नातवंड गेलं, आणि स्वतःचं मूल डोळ्यांसमोर मोडतंय. पुष्कळदा सुनेवर किंवा जावयावर निघणारा राग हा मुळात "माझ्या मुलाचं दुःख मला थांबवता येत नाही" याचा असतो. म्हणून सहन करायचा असं नाही. त्यांच्या पोटच्या मुलानेच त्यांना थांबवायला हवं, सुनेने नाही: "आई, तिच्याबद्दल हे पुन्हा बोलायचं नाही. तुला जे वाटतं ते माझ्याशी बोल." एकदाच, आवाज न चढवता, पण सर्वांना ऐकू जाईल असं.

माजघर:
आणि नातेवाईकांनी "काही लागलं तर सांग" म्हणू नये. सांगायचीही ताकद नसते. "दर मंगळवारी ५ वाजता धाकटीला शाळेतून मी आणीन" असं ठोस. पहिल्या पंधरा दिवसांत घर भरलेलं असतं, तिसऱ्या महिन्यात कुणी फिरकत नाही. तेव्हा जा. मुलाचं नाव घ्या. नाव घेतल्याने त्यांना आठवण होईल ही भीती सोडा, ते विसरलेले नसतात.

केतकी:
किती काळ हे साहजिक समजायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सूचीच्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकालीन शोकविकाराला ६ महिन्यांची मर्यादा आहे. अमेरिकन मनोविकार सूचीत तो २०२२ मध्ये आला, तिथे प्रौढांसाठी १२ महिने आणि मुलांसाठी ६. पण कॅलेंडर बघून आजार ठरत नाही. रोजची तीव्र ओढ तसूभरही न ओसरणं, आपलाच एक भाग मेला असं वाटत राहणं, कामधाम अजिबात न जमणं, ही लक्षणं असतील तर शोकावरचे खास उपचार करणारा तज्ज्ञ शोधा. मुलाची आठवण रोज येणं, वाढदिवसाला रडू येणं, हा आजार नाही, पन्नास वर्षांनीही नाही.

सावली:
सगळं दोनदा वाचलं. वर्षभर विषय काढू नये हे माझं मत मागे घेते. पहिला महिनाभर "का" विचारायचं नाही, मग ठरवून, वेळ बांधून बोलायचं, असं आता वाटतं. एकच विचारायचं राहिलं. हे बोलणं सुरू कसं करायचं? पहिलं वाक्य काय?

आडवाट:
"मी स्वतःला कशाबद्दल दोष देतोय ते तुला सांगायचंय. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल." आधी आपलं उघडं करायचं. समोरच्याला त्याचं विचारायचं नाही, त्याचं त्याला सांगू द्यायचं. त्या दिवशी नाही सांगितलं तरी चालेल.

सावली:
आणि ती दोन रकान्यांची वही? ती लिहून झाल्यावर ठेवायची कुठे?

निळाई:
दोघांनाही माहीत असेल अशा जागी, कपाटात, कागदपत्रांसोबत. उशाच्या खणात नको. रात्री तीन वाजता एकट्याने उघडायची ती वही नव्हे.